नाशिकहून देवमाशांच्या शोधात: खासगी होडीने समुद्रातला एक दिवस

मालवण, तारकर्ली किंवा दापोलीला जाऊन डॉल्फिनची फेरी करून आलेले लोक नाशिकमध्ये घरोघरी सापडतात. पाऊण तासाची ती फेरी किनाऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरवर फिरून परत येते. त्या अंतरात देवमासा दिसणं दुर्मीळ, कारण त्याचं खाणं बहुतेक वेळा त्याहून खोल पाण्यात असतं. देवमाशासाठी निघायचं तर चार-सहा जणांनी मिळून अख्खी होडी पाच तासांसाठी घ्यावी लागते, आणि तयारी नाशिकमध्येच सुरू करावी लागते.

आधी अपेक्षा. कोकण किनाऱ्याजवळ हिवाळ्यातल्या शांत सकाळी डॉल्फिन दिसण्याची शक्यता चांगली असते. देवमासा दिसेलच असं कोणताही प्रामाणिक तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, सांगणार नाही. पण तो आपल्या समुद्रात आहे याबद्दल शंका नको. सिंधुदुर्गच्या समुद्रात ब्राइड्स देवमाशाच्या नोंदी आहेत. २०१५ साली त्याच जिल्ह्याच्या किनाऱ्याजवळ निळा देवमासा दिसल्याची नोंद झाली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याला एक निळा देवमासा किनाऱ्याला लागून मेला. अरबी समुद्रातल्या कुबड्या देवमाशांचा गट तर जगावेगळा आहे. इतर कुबडे देवमासे दरवर्षी ध्रुवाकडे जातात, हे मात्र बाराही महिने याच समुद्रात राहतात. संख्येने ते फार थोडे उरले आहेत.

कधी जायचं

प्रवासी होड्यांची वाहतूक २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असते. सप्टेंबरात परवानगी असली तरी समुद्राचं खवळणं पुरतं ओसरलेलं नसतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने धरा. मार्चपासून दुपारचा वारा लवकर आणि जोरात सुटतो.

सकाळच का, याची दोन कारणं आहेत. पहिलं वाऱ्याचं. शाळेच्या भूगोलातले मतलई वारे आणि खारे वारे इथे प्रत्यक्ष भेटतात. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो तेव्हा किनाऱ्याजवळचं पाणी आडवं पडलेलं असतं. दहाच्या सुमारास वारा पडतो आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा सुरू होतो. लाटांच्या डोक्यावर पांढरा फेस दिसू लागला की देवमाशाचा फवारा त्या फेसात हरवतो आणि शोध तिथेच संपतो. दुसरं कारण सूर्याचं. आपला किनारा पश्चिमेचा. सकाळी आत जाताना सूर्य पाठीशी असतो आणि समोरचं पाणी स्वच्छ दिसतं. दुपारी तीनला निघालात तर समोर झळाळत्या पाण्याची भिंत असते, तिच्यात पाठीवरचा पंख शोधणं जवळजवळ अशक्य.

वाऱ्याचा आणि लाटांचा अंदाज हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेच्या संकेतस्थळावर रोज मिळतो. लाट अर्ध्या मीटरच्या आसपास आणि वारा ताशी १५ किलोमीटरच्या आत असेल तर निघा. लाट एक मीटरवर गेली की होडी चालते, पण निरीक्षण होत नाही. दीड मीटर असेल तर फेरी रद्द करा. म्हणूनच मुक्काम तीन रात्रींचा ठेवा, म्हणजे एक सकाळ वाया गेली तरी दुसरी हाताशी राहते. शनिवार-रविवारात कोंबलेल्या सहलीत हीच चूक सगळ्यात जास्त होते: हवा वाईट असूनही ‘एवढ्या लांब आलोय’ म्हणून लोक होडीत चढतात.

होडी खाडीतून बाहेर पडणार असेल, जसं देवबागला कर्ली नदीच्या मुखातून, तर भरतीची वेळ बघणं भाग आहे. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. षष्ठीला साडेचार, द्वादशीला नऊ. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, म्हणून छापील तक्त्याशी ताडून बघा, पण नाशिकमध्ये कालनिर्णय समोर ठेवून तारीख निवडायला हा हिशेब पुरतो. द्वादशी आणि त्रयोदशी उत्तम. त्या दिवशी साडेसहाला निघालं तर पाणी चढत असतं, नऊ ते पावणेदहाला भरती पुरी होते आणि साडेअकराला परतताना खाडीच्या तोंडाशी अजून पुरेसं पाणी असतं. उलट जोराच्या ओहोटीत परतलात तर बाहेर जाणारं पाणी आत येणाऱ्या लाटेला भिडतं आणि वाळूच्या दांड्यावर लाटा उभ्या राहून फुटतात. फेरीतली सगळ्यात धोक्याची जागा खोल समुद्रात नसते, ती हीच.

कुठून निघायचं

नाशिकहून दापोली-हर्णै जवळ पडतं, साधारण साडेतीनशे किलोमीटर, म्हणजे गाडीने आठ-नऊ तास. पण देवमाशासाठी आम्ही सिंधुदुर्गच सुचवू. पुणे-कोल्हापूरमार्गे मालवण सहाशे किलोमीटरच्या आसपास आहे, एक पूर्ण दिवस प्रवासात जातो. रेल्वेने यायचं तर मंगला एक्स्प्रेस नाशिकरोडहून कोकण रेल्वेमार्गे रत्नागिरीला आणते, तिथून पुढे कुडाळकडे जाणारी गाडी घ्यायची. रात्रभर गाडी चालवून पहाटे थेट होडीत बसू नका. झोप न झालेल्या माणसाला बोट हमखास लागते.

मालवणच्या धक्क्यावरून निघाल्यास वाळूच्या दांड्याचा प्रश्न येत नाही. पण सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पाण्याखाली खडक आहेत आणि १९८७ साली जाहीर झालेलं मालवणचं सागरी अभयारण्यही याच भागात आहे. म्हणून तांडेल तिथलाच हवा. अँग्रिया बँकेचं नाव ऐकून ‘तिथेच जाऊ’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते प्रवाळांचं पठार किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून लांब आहे. एका दिवसाच्या लहान होडीचं ते काम नाही.

होडी ठरवताना

सहा जणांसाठी २८ ते ३२ फुटांची, छत असलेली फायबर होडी बघा. इंजिनं दोन असावीत, किंवा एक मोठं आणि एक राखीव. याला कारण आहे. मतलई वारा समुद्राकडे वाहतो, त्यामुळे सकाळी इंजिन बंद पडलं तर होडी किनाऱ्याकडे येत नाही, आणखी आत जाते. नांगराचा दोर त्यासाठीच तपासायचा. पंचवीस मीटर पाण्यात नांगर धरायचा तर किमान तिप्पट, म्हणजे ७५ मीटर दोर लागतो. किनाऱ्यावर फेऱ्या मारणाऱ्या होड्यांत बहुधा वीस-तीस मीटरच असतो.

महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाचा प्रवासी परवाना मागून वाचा: माणसं किती आणि किती अंतरापर्यंत जायची मुभा. किनाऱ्याजवळच्या फेऱ्यांचा परवाना असलेली होडी पंधरा किलोमीटर आत नेऊ नका. मासेमारीची होडी स्वस्तात मिळते म्हणून तिच्यात बसू नका. जाकिटं माणशी एक, मुलांसाठी मुलांच्या मापाची, आणि ती होडीत बसण्याआधी घालून बघायची. खांद्याला धरून वर ओढल्यावर जाकीट कानापर्यंत सरकलं तर ते सैल आहे. बिनतारी संच असेल तर १६ क्रमांकाचा चॅनेल चालू आहे ना ते ऐका. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असू द्या. आधार कार्डं बरोबर ठेवा आणि माणसांची यादी, निघण्याची आणि परतण्याची वेळ किनाऱ्यावरच्या एका माणसाकडे लिहून द्या.

इंधनाचा हिशेब तांडेलासमोरच करा. ४० अश्वशक्तीचं इंजिन मध्यम वेगाने ताशी दहा-बारा लिटर पेट्रोल पितं. आपल्या फेरीत इंजिन तीन तास चालतं, म्हणजे ३० ते ३६ लिटर. त्याच्या निम्मं राखीव धरून ५० लिटरच्या वर पेट्रोल होडीत हवं. दोन्ही इंजिनं एकदम चालवणार असाल तर हिशेब दुप्पट.

आता सगळ्यात महत्त्वाचं बोलणं. तांडेलाला वाटतं, गिऱ्हाइकाला डॉल्फिन जवळून दाखवला नाही तर पैसे कापतील. म्हणून तो कळपात होडी घालतो. आदल्या संध्याकाळी त्याला शांतपणे सांगा: काहीही दिसलं नाही तरी ठरलेले पूर्ण पैसे मिळतील, पाठलाग करायचा नाही आणि तुम्ही म्हणाल तिथे इंजिन बंद करायचं. तांडेलाला ‘काका’ किंवा ‘दादा’ म्हणून, त्याच्यासोबत चहा घेऊन हे बोलावं. बांगडा आणि तारली सध्या कुठे लागतेय हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं, आणि ब्राइड्स देवमासा याच माशांच्या मागे येतो. त्या एका उत्तरावर तुमची दिशा ठरते.

बरोबर काय घ्यायचं

नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला जाणाऱ्यांची सवय स्कोप आणि ट्रायपॉड उचलण्याची असते. ते दोन्ही घरी ठेवा, हलत्या होडीत त्यांचा काही उपयोग नाही. दुर्बीण ७×५० किंवा ८×४२ पुरे. १० पटीची दुर्बीण होडीत हातात थरथरते आणि डोकं फिरवते.

टोपी दोरीची, गॉगल पोलराइज्ड काचेचा, बाह्या पूर्ण. निफाडच्या थंडीचा स्वेटर नको, वारा अडवणारं पातळ जाकीट हवं. पाणी माणशी दोन लिटर. खाणं डब्यात, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत नाही, कारण त्या वाऱ्याने उडून समुद्रात जातात. निघण्यापूर्वी तर्रीची मिसळ नको आणि उपाशी पोटही नको. भाकरी, केळं, कोरडे पोहे असं काहीतरी खा.

बोट लागण्यावर अ‍ॅव्होमिनची गोळी चालते, पण ती निघण्याआधी तासभर तरी घ्यायला हवी. मळमळ सुरू झाल्यावर उपयोग होत नाही. तिने झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने घेऊ नये. मुलं, गरोदर स्त्रिया आणि इतर औषधं चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. खिशात आलेपाक ठेवा. बसायला होडीच्या मध्याच्या थोडं मागची जागा घ्या, पुढची नाळ सगळ्यात जास्त आपटते. मळमळलं की दुर्बीण आणि मोबाइल खाली ठेवून क्षितिजाकडे बघा.

लहान होडीत शौचालय नसतं. हे आधी सांगितलं जात नाही आणि मग विशेषतः बायका पाणीच पित नाहीत, उन्हात डोकं दुखतं आणि दिवस खराब होतो. पाच तास जमणार नसतील तर मोठी, शौचालय असलेली होडी घ्या किंवा फेरी साडेतीन तासांची करा.

पाण्यावरचे पाच तास

पहिला टप्पा: उजाडताच निघून थेट पश्चिमेला १२ ते १५ किलोमीटर. ताशी १६ ते १८ किलोमीटर वेग ठेवला तर तासाच्या आत पोहोचता. मासे शोधण्याचं यंत्र होडीवर असेल तर पाण्याची खोली २५ मीटरच्या पुढे गेली की थांबा.

दुसरा टप्पा: तिथून किनाऱ्याला समांतर दहा-बारा किलोमीटर चाला. दर दोन-तीन किलोमीटरला इंजिन पूर्ण बंद करून पंधरा मिनिटं नुसतं थांबा. लोकांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, पण देवमासा सापडतो तो बहुधा याच थांब्यांत. चालत्या होडीतून दोनशे मीटरवरचा लहान फवारा निसटतो. बंद होडीत श्वास सोडल्याचा ‘फुऽऽस’ आवाज शांत हवेत बराच लांबून कानावर येतो. शिवाय ब्राइड्स देवमासा पाच ते पंधरा मिनिटं पाण्याखाली राहतो. चालत राहिलात तर तो वर येईपर्यंत तुम्ही दोन-चार किलोमीटर पुढे गेलेले असता.

बघण्याची पद्धत अशी. होडीचं नाक म्हणजे घड्याळातले बारा. प्रत्येकाने तीन तासांचा तुकडा वाटून घ्यायचा: बारा ते तीन एकाने, तीन ते सहा दुसऱ्याने. बाकीच्यांनी विश्रांती घ्यायची आणि दर वीस मिनिटांनी माणसं बदलायची. नजर आधी उघड्या डोळ्यांनी क्षितिजावरून सावकाश फिरवा, मग निम्म्या अंतरावरून, मग होडीजवळून. काही वेगळं वाटलं तरच दुर्बीण उचला. दिसल्यावर ‘तो बघ, तो बघ’ म्हणून उपयोग नसतो. ‘दोन वाजता, तीनशे मीटर’ असं म्हणायचं.

अंतराचा अंदाज समुद्रात हमखास चुकतो, कारण मापायला काही नसतं. नाशिकमध्येच सराव करा. एसटीची बस साधारण अकरा मीटरची, म्हणजे नऊ बस एकामागे एक उभ्या केल्या की शंभर मीटर. गंगापूर धरणाच्या पाण्यावर एखादी खूण धरून मोबाइलच्या नकाशावर अंतर मोजा आणि ते डोळ्यात बसवा. आणि ब्राइड्स देवमासा १२ ते १४ मीटरचा, म्हणजे एसटीपेक्षा थोडा लांबच.

खुणा कोणत्या? सुरय आणि कुरव पक्षी एका जागी घिरट्या घालून पाण्यात सूर मारत असतील तर खाली माशांचा थवा आहे, तिकडे वळा. पाणी उकळल्यासारखं दिसणं, बांगड्यांच्या उड्या, हेही त्यातच आलं. हलक्या लाटांत मध्येच गुळगुळीत, तेलकट वाटणारी गोल चकती दिसली तर ती देवमाशाच्या शेपटीने उसळलेल्या पाण्याची असू शकते. तो नुकताच तिथून खाली गेलेला असतो.

कोण दिसलं ते ओळखताना

किनाऱ्याजवळ, पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटा पंख असलेला, सावकाश वर येणारा तो कुबडा डॉल्फिन. पाठीवर पंखच नसेल, काळसर पाठ क्षणभर दिसून नाहीशी झाली तर ती बिनपंखी पॉरपॉइज. आत खोल पाण्यात हवेत उडी मारून स्वतःभोवती गरगर फिरणारा तो स्पिनर.

देवमाशांत ब्राइड्सची पक्की खूण म्हणजे डोक्यावर लांबीने जाणाऱ्या तीन कडा. पाठीवरचा पंख कोयत्यासारखा वाकडा आणि बराच मागे. बुडताना तो सहसा शेपटी वर काढत नाही. निळ्या देवमाशाचा फवारा उंच, सरळ खांबासारखा, नऊ मीटरपर्यंत जातो. पंख मात्र एवढ्या मोठ्या शरीराच्या मानाने अगदी चिमुकला असतो. कुबडा देवमासा पाठ कमानदार करून शेपटी वर काढतो. फवारा तिरका, पुढे आणि डावीकडे झुकलेला असेल तर तो स्पर्म देवमासा. तो खोल समुद्रातला, आपल्या फेरीच्या टप्प्यात क्वचितच.

व्हेल शार्कला लोक देवमासा म्हणतात, पण तो मासाच आहे, फवारा सोडत नाही. शेपूट उभी आणि ती डावी-उजवीकडे हलत असेल तर मासा. आडवी, वर-खाली हलत असेल तर देवमासा किंवा डॉल्फिन.

जवळ जाताना

तीनशे मीटरवर वेग माणसाच्या भरभर चालण्याइतका आणा. देवमाशापासून शंभर मीटर आणि डॉल्फिनपासून पन्नास मीटर ही हद्द बहुतेक देशांतल्या सूचनांत आढळते, तीच पाळा. समोरून आडवं जायचं नाही, थेट मागूनही नाही. तो ज्या दिशेने चाललाय तिच्याशी समांतर, थोडं बाजूने आणि मागे राहून चालायचं. शंभर मीटरच्या आत तो स्वतःहून आला तर इंजिन न्यूट्रलला टाका आणि तो दूर जाईपर्यंत पंखा फिरवू नका. रिव्हर्स तर नाहीच.

तो वारंवार दिशा बदलतोय, श्वासांमधला वेळ वाढवतोय, शेपटी पाण्यावर आपटतोय, हे सगळं तुमच्यामुळे त्रास होत असल्याचं लक्षण समजा आणि मागे फिरा. ब्राइड्स मुळातच वाकडातिकडा फिरतो, पण शंका आली की निघणंच बरं. बरोबर पिल्लू असेल तर दोनशे मीटर ठेवा. दोघांच्या मध्ये होडी कधीही जाऊ देऊ नका, कारण आईपासून तुटलेलं पिल्लू जगत नाही. एका प्राण्याजवळ वीस मिनिटं पुरेत. दुसरी होडी आधीच तिथे असेल तर लांब थांबून वाट बघा. खायला टाकणं, पाण्यात उतरणं, शिट्ट्या, मोठ्याने गाणी, यातलं काहीही नको. आपल्या समुद्रातले देवमासे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने संरक्षित आहेत.

फोटोसाठी शटर एक सहस्रांश सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा. १०० ते ४०० मिलिमीटरची लेन्स हातात असली तरी सुरुवात कमी झूमने करा, नाहीतर चौकटीत नुसतं पाणी येतं. पाठीवरच्या पंखाचा बाजूने काढलेला फोटो अभ्यासकांना सगळ्यात उपयोगी पडतो, कारण पंखावरच्या खाचांवरून तोच प्राणी पुन्हा ओळखता येतो. मोबाइलवाल्यांनी झूम न करता सलग चित्रीकरण करावं. प्रत्येक वेळी वेळ, मोबाइलमधले अक्षांश-रेखांश, संख्या, पिल्लू आहे की नाही आणि जाण्याची दिशा लिहा. हे वहीत पेन्सिलने लिहायचं, ओल्या हाताने पेन चालत नाही.

तिसरा टप्पा परतीचा. साडेदहाला काहीही न दिसलेलं असलं तरी होडी वळवा. ‘अजून अर्धा तास’ म्हणत राहिल्यावर खारा वारा गाठतो आणि ओहोटीही. किनाऱ्यावर आल्यावर दुर्बीण आणि कॅमेरा गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या मऊ कापडाने पुसा. मीठ तसंच राहिलं तर नाशिकला पोहोचेपर्यंत फिरकीत बसतं आणि ती घट्ट होते.

किनाऱ्यावर अडकलेला प्राणी सापडला तर

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचं पिल्लू अडकलं. लोकांनी आणि यंत्रणांनी जीव तोडून प्रयत्न केले, त्याला ओढून पाण्यात नेलं, तरी ते वाचलं नाही. असं काही दिसलं तर आधी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि नेमकी जागा सांगा. शेपटीला दोर बांधून ओढायचं नाही, त्याने मणके निखळतात. ओल्या चादरी अंगावर टाका, पण डोक्यावरचं श्वासाचं भोक मोकळं ठेवा आणि त्यात पाणी जाऊ देऊ नका. गर्दी मागे सारा, कुत्री दूर ठेवा, शेपटीच्या टप्प्यात उभे राहू नका. मेलेल्या प्राण्याला हात लावू नका. वाळूत मेणासारखा, वासाचा गोळा दिसला आणि कुणी ती देवमाशाची उलटी म्हणून सांगितलं, तर उचलू नका. ती बाळगणं आणि विकणं गुन्हा आहे. फोटो काढा, जागा टिपा आणि तोच १९२६ लावा.